रुस्तादांची चाल

स्कोग्मो, नॉर्थ डकोटा
२८ ऑगस्ट २०१६

प्रिय मार्डेल,

तुझ्या मावसबहिणीने अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचं दुकान थाटलंय. हसून घे, मग पुढे वाच.

हॉस्पिटलने आमची इथली शाखा बंद केली. तोट्यात चालते म्हणे. अकरा वर्षं मी तिथे राबले, आणि एका शुक्रवारी दोन माणसं येऊन दाराला कुलूप लावून गेली. मी मात्र कुठे जाणार? मेन स्ट्रीटवरचं न्हाव्याचं दुकान रिकामं पडलं होतं, ते भाड्याने घेतलं. आरसे काढले, खुर्ची ठेवली. म्हाताऱ्यांचा रक्तदाब घ्यायला त्या खुर्चीसारखी जागा नाही. बसले की आपोआप मान टेकवतात आणि गप्पा सुरू करतात. दारावर पाटी आहे: आर्लिस त्वेतेन, नर्स प्रॅक्टिशनर. आमच्या राज्यात आता मला डॉक्टरची सही लागत नाही. तपासणं माझं, औषध लिहिणं माझं, आणि चुकलं तर निस्तरणंही माझंच. हे शेवटचं मला विम्याच्या एजंटाने फार गोड आवाजात समजावलं.

नव्या दवाखान्याचा विमा हवा, हे मला पटतं. पण तो म्हणतो, मागच्या अकरा वर्षांसाठी वेगळं 'शेपूट' घ्यावं लागेल. त्यांच्या धंद्यात खरंच तसं म्हणतात. हॉस्पिटलचा विमा मी नोकरीत होते तोवरच. तेव्हाच्या कामाबद्दल आज कुणी दावा लावला, तर माझ्या पाठीशी कुणी नाही. आणि त्या शेपटाची किंमत नव्या विम्याच्या दुप्पट! हत्ती गेला, शेपूट माझ्या गळ्यात.

मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, इथे माझ्यावर दावा लावणार कोण? मी ज्यांच्या बाप्तिस्म्याचे केक खाल्ले ते? की ज्यांच्या गाईची वासरं रात्री उठून ओढून काढली ते?" शेजाऱ्यांपासून विमा घ्यायचा म्हणजे जेवायला जाताना खिशात दगड घेऊन जाण्यासारखं आहे.

तू आयुष्यभर त्याच धंद्यात आहेस. मी बरोबर आहे असं सांग. खोटं असलं तरी सांग.

तुझी,
आर्लिस


सू फॉल्स
९ सप्टेंबर २०१६

प्रिय आर्लिस,

तू चूक आहेस.

मी तीस वर्षं दावे विभागात बसले आहे. एक गोष्ट शिकले: दावा शत्रू लावत नाहीत. शत्रू मुळात तुझ्याकडे येतच नाहीत. दावा लावतात ती तुझ्यावर विश्वास ठेवून आलेली माणसं. आणि लहान मुलांच्या बाबतीत कायदा फार वर्षं वाट बघतो. तू ज्या बाळांना हातात धरलंस ती चालायला लागतील, पळायला लागतील, आणि तोपर्यंत तुझं ते काम उघडंच राहील. या धंद्यात काम कधी संपत नाही गं, फक्त विमा संपतो.

"आमच्या गावात असं होत नाही" हे वाक्य माझ्या अर्ध्या फायलींच्या पहिल्या पानावर आहे.

पैसे नाहीत म्हणू नकोस. तुझ्या बाबांची बोट शेडमध्ये काय चिमण्यांना अंडी घालायला ठेवलीयस? तुला पाण्याची भीती वाटते हे सगळ्या गावाला माहीत आहे. विक ती. शेपूट घे. मग मला मनसोक्त शिव्या दे.

मार्डेल


स्कोग्मो
३० ऑक्टोबर २०१६

प्रिय मार्डेल,

बोट विकली. डेव्हिल्स लेककडचा एक माणूस गाडीमागे जोडून घेऊन गेला. मी कुंपणाशी उभी राहून ती सूर्यफुलांच्या शेतापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. मग घरात येऊन शेपटाच्या कागदांवर सही केली. रागाने केली, खोटं कशाला सांगू? तुझं नाव घेऊन दोन शब्दही बोलले. पत्रात लिहिण्यासारखे नव्हते.

पण आज तुला लिहायचंय ते वेगळंच आहे. 

काल चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण होतं. तोच तो माशाचा वास, तेच वितळलेलं लोणी, तीच सगळी माणसं. मी वाढपी होते. समोरून डेना रुस्तादची पोरगी, हॅटी, पावाची टोपली घेऊन टेबलांमधून येत होती. चारेक वर्षांची असेल. तिच्यामागे तिचे आजोबा ओर्विल. दोघंही अगदी सारखे डुलत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळे कौतुकाने हसले. मीही हसले. हे दृश्य मी हजार वेळा पाहिलंय.

आणि मग मी पाहिलं.

म्हणजे मार्डेल, कसं सांगू? डोळ्यांवरचं काहीतरी बाजूला झालं. मी डेनाजवळ गेले. "हॅटी नेहमी अशीच चालते?"

"रुस्तादांची चालच ती," डेना म्हणाली. "सासऱ्यांकडे बघ ना. बदकांची वरात."

"त्यांच्याकडेच बघतेय," मी म्हटलं. "डेना, तिला उद्याच शहरात मुलांच्या हॉस्पिटलात ने. खुब्यांचा फोटो काढायला सांग. दोन्ही खुब्यांचा."

ती हसायची थांबली. "इतकं काही आहे का?"

"असेल."

बाळ जन्मलं की त्याच्या मांड्या बाहेरच्या बाजूला उघडून बघायच्या असतात. एक खुबा जागेवर नसला तर ती बाजू कमी उघडते, दोन्ही बाजूंत फरक दिसतो. पण दोन्ही सारखेच निखळलेले असतील तर फरक दिसणार कशात? दोन्ही पाय सारखे, मांड्यांवरच्या घड्याही सारख्या. आणि चालायला लागल्यावर अख्खं गाव म्हणतं, वा, आजोबांची चाल घेतली पोरीने!

त्या पोरीला जन्मापासून कोण तपासत होतं, हे तुला वेगळं सांगायची गरज नाही.

आर्लिस


सू फॉल्स
५ नोव्हेंबर २०१६

आर्लिस,

तुझं पत्र माझ्यासमोर आहे. ते जाळणं कायद्यात बसत नाही, नाहीतर आत्ता जाळलं असतं.

आजच कंपनीला फोन कर आणि घडलंय ते कळव. त्यानंतर या विषयावर एक अक्षर लिहू नकोस. मलाही नाही. त्या घरातल्या कुणाशी बोलू नकोस, "माफ कर" तर चुकूनही म्हणू नकोस. वकिलाच्या हाती पडलेली माफी म्हणजे कबुलीजबाब.

तू शेपूट घेतलंस. बोट गेली, पण घर वाचेल. बाकी काही मनाला लावून घेऊ नकोस.

मार्डेल


स्कोग्मो
१९ फेब्रुवारी २०१७

प्रिय मार्डेल,

नोटीस आली. तू म्हणालीस तशीच, अगदी सभ्य भाषेत. मी तिच्याबद्दल लिहिणार नाही, कबूल. पण गावाबद्दल लिहायला तर बंदी नाही ना?

तू इथून गेलीस त्याला चाळीस वर्षं झाली, तरी हॉटडिश विसरली नसशील. घरात कुणी आजारी पडलं की संध्याकाळच्या आत त्यांच्या ओसरीवर भांड्यांची रांग लागते: मांस, वाटाणे, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. बोलायचं काही नसतं. आपली माणसं बोलतात कुठे? ओर्विलसारख्याच्या पायावर कुऱ्हाड पडली तरी तो "फार काही नाही" म्हणतो. म्हणून तर हॉटडिश. जे तोंडाने म्हणता येत नाही ते ओव्हनमध्ये घालायचं.

एका घरातल्या पोरीची मोठी शस्त्रक्रिया झालीय. कंबरेपासून घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवून बांधलेले. त्या ओसरीवर साऱ्या गावाची भांडी होती. माझं एकटीचं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी सगळे माझ्याशी हवामानावर बोलले. इतकं हवामान मी जन्मात ऐकलं नव्हतं. तुला वाटत असेल मी पैशासाठी घाबरलेय. नाही गं. मला लाज वाटतेय. विम्याच्या भिंतीआड सुखरूप बसलेय म्हणून लाज वाटतेय.

आर्लिस


सू फॉल्स
२७ फेब्रुवारी २०१७

आर्लिस,

मला तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणून ठळक अक्षरांत सांगते: भांडं न्यायचं नाही. कंपनीला कळलं तर ती हात वर करेल. मग तू, तुझं घर आणि तो न्हाव्याचा दवाखाना, तिन्ही गेली.

हिवाळ्यात तुमच्याकडून पुढचा दवाखाना सत्तर मैलांवर, तोही वादळात बंद रस्त्याच्या पलीकडे. तू बुडालीस तर गावाचं काय होईल, एवढं तरी बघ. लाज गिळ. तिने कुणी मरत नाही.

मार्डेल


स्कोग्मो
१६ एप्रिल २०१७, ईस्टर

प्रिय मार्डेल,

नेलं.

ओरडू नकोस, आधी ऐक. आईचं निळं भांडं घेतलं, कड उडालेलं. बुडाची चिकटपट्टी सोलून काढली. चिठ्ठी नाही, शब्द नाही, माफी नाही. भल्या पहाटे ओसरीवर ठेवून परत आले. तुझ्या कायद्याला नाव लागतं ना? मग त्यावर नाव नव्हतं. आता ते निळं भांडं कुणाचं हे स्कोग्मोतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे, त्याला मी काय करू?

पण मार्डेल, भांडं परत आलं नाही. तुला इथली रीत ठाऊक आहे. आठवड्याच्या आत भांडं घासून-पुसून दारात येतं. भांडण असलं तरी येतं. लोकांनी घटस्फोटात भांडी परत केलीयत. आज महिना होत आला. म्हणजे काय ते मला कळलं. बोलून दाखवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

आर्लिस


स्कोग्मो
१० डिसेंबर २०१७

प्रिय मार्डेल,

तडजोड झाली. हॅटीला मोठी होईपर्यंत जे जे लागेल, झालेल्या शस्त्रक्रियेचं बिल, पुढच्या शस्त्रक्रिया, व्यायाम, बूट, सगळं त्या पैशातून होईल. शेपटाने दिले. मी सही केली. आता लिहायला मोकळी आहे, पण लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

फक्त एक सल्ला हवाय. पुढच्या वर्षाचा विमा आलाय. एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरी तयार आहे, पण हप्ता ऐकून मी न्हाव्याच्या खुर्चीत बसले. तिने एक पळवाटही दिलीय: दोन वर्षांखालची मुलं तपासणार नाही असं लिहून दिलं, तर हप्ता जवळजवळ पूर्वीइतकाच. मार्चअखेर ठरवायचंय.

मला वाटतं, लिहून द्यावं. खर्चासाठी नाही. परवा एक बाळ आलं, सर्दी झालेलं. त्याच्या पायांना हात लावायचा होता. मला लावता येईना. त्याच्या आईला सांगितलं, शहरात ने. ती बिचारी बर्फातून सत्तर मैल गेली. साध्या सर्दीसाठी!

तू सांगशील ते करते.

आर्लिस


सू फॉल्स
२ जानेवारी २०१८

प्रिय आर्लिस,

लिहून दे. कागदावर तू आता महागडी बाई आहेस, आणि हा सौदा चांगला आहे. म्हातारे तपास, त्यांचे रक्तदाब बघ, सुखाने झोप.

हे मी दावे विभागातून लिहितेय. मावसबहीण म्हणून काय लिहावं ते कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

मार्डेल


स्कोग्मो
२५ मार्च २०१८

प्रिय मार्डेल,

बैस. हातातलं काम ठेव आणि बैस.

गुरुवारी दवाखाना बंद करायच्या वेळेला मी टेबलाशी तो कागद घेऊन बसले होते. दोन वर्षांखालची मुलं तपासणार नाही, खाली सहीची रेघ. पेनाचं टोपण काढलेलं होतं, खरंच सांगते. तेवढ्यात दार उघडलं. डेना रुस्ताद. कडेवर गुंडाळलेलं बाळ. मागे ओर्विल. आणि त्यांच्यापुढे हॅटी, हातात माझं निळं भांडं.

मी उभी राहिले.  

हॅटीने भांडं टेबलावर त्या कागदावरच ठेवलं. "आईने सांगितलंय, आधी हे द्यायचं."

"वकिलाने सांगितलं होतं, दावा चालू असेपर्यंत तुझ्याशी काही द्यायचं-घ्यायचं नाही," डेना म्हणाली. "भांडं परत केलं असतं तर तेही देणंच झालं असतं. मग ठेवलं. प्लास्टरमध्ये होती तेव्हा ही रोज त्यातच जेवायची. दुसरं भांडं दिलं की भिरकावून द्यायची. दावा मिटला तेव्हा हा पोटात. म्हटलं, आता सगळे मिळूनच जाऊ."

मी भांडं उलटं केलं. बुडाला नवी चिकटपट्टी होती. त्यावर पेन्सिलीने, पाच वर्षांच्या अक्षरांत, वर-खाली: आर्लिस.

मार्डेल, तेवढ्यावरच मी भरून पावले असते. पण डेनाने बाळ माझ्या तपासणीच्या टेबलावर ठेवलं आणि दुपट्याची गाठ सोडली.

"महिन्याचा झालाय. खुबे बघ."

"डेना, शहरात ने त्याला. तिथे तज्ज्ञ आहेत. मी..."

"नेणारच आहे. पण आधी तू बघ."

"मीच का? सगळं होऊन गेल्यावर?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "अख्ख्या गावाने ती चाल पाहिली. मी रोज पाहिली, मी तर आई. चर्चच्या तळघरात एकटीला दिसली ती तुला. आता आणखी कुणाला दाखवू?"

मी म्हटलं, "पण तू माझ्यावर दावा लावलास."

"तुझ्यावर?" ती खरोखरच दचकली. "मी तुझ्यावर कुठे लावला? वकील म्हणाला, पोरीला वर्षानुवर्षं खर्च लागेल, आणि तो आर्लिसच्या विम्यातूनच निघू शकतो, असला तर. मी म्हटलं, असणारच. ती बाई गोठ्याचं फाटक उघडं टाकून जाणाऱ्यातली नाही. विमा त्यासाठीच तर असतो ना? आमच्यासाठी?"

आमच्यासाठी.

मी खुर्चीत बसले.  आठव, मी तुला काय लिहिलं होतं? खिशातला दगड. शेजाऱ्यांपासून विमा. अगं, तो शेजाऱ्यांपासून नव्हताच. माझ्या हातून जे निसटेल, जे मला माहीतही नसेल, त्याच्यासाठी मी आधीच काही बाजूला काढून ठेवणं होतं ते. आणि मी फाटक उघडं टाकणारच होते! तू पाठीला लागली नसतीस तर बोट अजून शेडमध्येच असती, आणि उपचार अर्धवट राहून ही पोरगी आज डुलत आली असती. मी रागाने केलेल्या एका सहीवर तिची पावलं उभी आहेत. अशा गोष्टी आपल्या हातून होतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. मला देवाच्या दारात उभं असल्यासारखं वाटलं. इथे कुणी असं बोलत नाही, म्हणून तुला लिहितेय.

बाबांना पाण्याचं वेड होतं. त्यांची बोट एका पोरीचे पाय होऊन गेली. त्यांना आवडलं असतं.

मग मी हात धुतले, गरम पाण्यात धरले, आणि बाळाच्या मांड्या हातात घेतल्या. या वेळी दोन्ही बाजूंची तुलना नाही केली. आधी फक्त डावा खुबा बघितला, जगात दुसरा नसल्यासारखा. मग उजवा, तसाच.  बाळाने माझ्या बाहीवर मूत सोडलं. हॅटी इतकी हसली की ओर्विलसुद्धा हसला.

"माझ्या हाताला तरी काही वावगं लागत नाही," मी म्हटलं. "तरी सोनोग्राफीला जायचंच. मी चिठ्ठी लिहून देते. माझ्या हातांवर विसंबायचं नाही."

"नाहीच विसंबणार," डेना म्हणाली. "म्हणूनच दोन्हीकडे दाखवायचं."

निघताना मी ओर्विलला थांबवलं. म्हटलं, "ओर्विल, तुमचेही खुबे जन्मापासून तसेच असणार. सत्तर वर्षं दुखत नव्हतं?"

त्याने टोपी फिरवली. "दुखायचं की."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"मला वाटायचं, सगळ्यांनाच दुखतं."

मार्डेल, मी अकरा अधिक दोन वर्षं इथे माणसं तपासते आहे. त्या वाक्याइतकं मोठं मी काही ऐकलेलं नाही. सत्तर वर्षं तो माणूस असा समजून चालला की सगळं जग असंच दुखत चालतंय, आणि तरी कुरकुर करायची नसते.

ते गेल्यावर मी भांड्याखालचा कागद काढला, दोनात फाडला, आणि पूर्ण हप्त्याचा चेक लिहिला. सगळी मुलं धरून. पहिल्यांदा हात आखडला नाही. कशाचे पैसे भरते आहे हे पहिल्यांदाच ठाऊक होतं. आता शनिवारी नर्सिंग होममध्ये ड्यूटी करावी लागेल, करीन. तू उन्हाळ्यात ये. दावे विभागाला घरी ठेवून ये.

लिहायचं राहिलं. ते सगळे गाडीकडे गेले तेव्हा मी दारात उभी होते. पुढे हॅटी पायवाटेवरून चालत होती, सरळ, अगदी सरळ. मागून ओर्विल, इकडून तिकडे. आता ती चाल अख्ख्या गावात त्याच्या एकट्याकडेच उरलीय.

तुझी,
आर्लिस